झुडपाने अर्ज कुठे करावा?

आयर्लंडच्या डोंगराळ भागातल्या शेतकऱ्याला दोन साहेब सांभाळावे लागतात. पगार दोघांनाही एकच सरकार देतं, पण त्यांचं एकमेकांशी बोलणं बहुधा नसावं.

पहिला साहेब पक्ष्यांचा. हेन हॅरियर हा शिकारी पक्षी म्हणजे हिवाळ्यात आपल्या माळरानावर पाहुणे येणाऱ्या भोवत्यांचा चुलतभाऊ. घरटं थेट जमिनीवर, हीदर या डोंगरी झुडपाच्या दाट गुंत्यात. २००७ साली त्याच्यासाठी सहा संरक्षित क्षेत्रं जाहीर झाली आणि दीड लाखाहून अधिक हेक्टर जमीन त्यांत गेली. गेली म्हणजे मालकी शेतकऱ्याचीच राहिली. तिथं काय करायचं नाही, तेवढं साहेबांनी ठरवलं. झुडपं तोडू नका, नवी झाडं लावू नका. (याच डोंगरांवर स्प्रूसची जंगलं उभी करायला आधी सरकारनंच अनुदान दिलं होतं, पण जुनं कशाला उकरा?)

दुसरा साहेब अनुदानाचा. युरोपचा पैसा हेक्टरी मिळतो, पण ‘पात्र’ हेक्टरलाच. आकाशातून काढलेल्या फोटोवर २०२२पर्यंत साहेब काटेरी गॉर्स झुडपाच्या ठिपक्याभोवती रेघ मारत: ही शेती नव्हे, वजा करा. जास्त वजा झालं तर वर दंड.

मग झुडूप हटवायला शेतकरी काडी ओढायचा. १ मार्च ते ३१ ऑगस्ट जाळायला बंदी. त्या काळात जाळलं तर गुन्हा, शिवाय जळकी जमीन अपात्र. न जाळावं तर झुडूप अपात्र. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

युरोपच्या २०१३च्या नियमात यावर उतारा होता. २००८ साली अनुदान मिळालेली जमीन पक्षी-संरक्षणाच्या कायद्यामुळे अपात्र ठरली असेल, तर ती पात्रच धरावी. फार उदार! फक्त झुडूप पक्ष्याच्या कायद्यामुळे वाढलं की मालकाच्या आळसामुळे, एवढंच ठरवायचं. झुडपाचा जबाब कोण नोंदवणार?

२०१७मध्ये एका योजनेत कुणाला तरी शहाणपण सुचलं. शेतात पक्ष्याला राहण्याजोगं किती आहे ते पाहून दहापैकी गुण द्यायचे आणि त्या गुणांवर पैसे. शेतकरी तेच, डोंगर तेच, पण झुडपाला एकदम किंमत आली. पुढे २०२३पासून शेताच्या निम्म्यापर्यंत भागात झुडपं, ओढे, पाणथळ असली तरी सगळं शेत पात्र, असा नियम झाला. ज्या झुडपासाठी कालपर्यंत पैसे कापले, तेच आज सरकारी कागदावर ‘निसर्गासाठी जागा’.

दरम्यान २०२२ साली पक्ष्यांची मोजणी झाली. आयर्लंडभर विणीच्या जोड्या ८५ ते १०६ भरल्या, म्हणजे २०१५पेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. नियम सुधारला तो त्यानंतर.