महामार्गाचा पारखी

महामार्गाचा पारखी पळस्पे फाट्यापासून झारापपर्यंत कुठेही आढळतो. राष्ट्रीय महामार्ग ६६, म्हणजे जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडचा १७ नंबर, याचा हा सुमारे साडेचारशे किलोमीटरचा पट्टा त्याचं कार्यक्षेत्र. पोटासाठी तो पेणला मिनिडोर चालवतो, मासळीचा टेम्पो रातोरात मुंबईत पोचवतो, एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या वाशीच्या मार्केटात नेतो किंवा लग्नसराईत ट्रॅव्हल्सची बस हाकतो. हे झाले धंदे. त्याचं शास्त्र मात्र एकच : नवा रस्ता किती टिकेल हे सांगणं. स्थापत्य अभियांत्रिकीशी त्याचा संबंध एवढाच, की पॉलिटेक्निकच्या गेटासमोर गाडी लावून त्याने भाड्याची वाट पाहिलेली असते.

त्याचं मुख्य उपकरण म्हणजे बूड. रस्त्याच्या थराची जाडी, रोलरच्या फेऱ्या, खालच्या मुरुमाची दबाई, हे सारं त्याला सीटमधून कळतं असं तो मानतो. कानाला पाटे वाजलेले ऐकू येतात आणि त्यावरून आधीच्या वर्षीच्या खड्ड्यांवर नुसता हात फिरवलाय की ते चौकोनी कापून भरलेत, हे तो सांगतो. आंबेवाल्याचं मोजमाप याहून कडक असतं. देवगडहून निघालेली पेटी वाशीत उघडल्यावर किती फळांना डाग पडलाय, यावरून तो तालुकावार निकाल देतो आणि त्याच्या निकालाला निदान नगांचा आधार असतो.

मे महिना उजाडला की पावसाच्या तोंडावर घाईघाईने डांबर पडू लागतं. तिथे पारखी गाडी कडेला घेऊन उतरतो आणि प्रयोगशाळा उघडतो. प्रयोग साधा आहे. चपलेच्या टोकाने नव्या थराची कड उकरायची. खडी सुटली तर काम निकृष्ट. न सुटली तर सुटेपर्यंत उकरायचं. मग उभ्या असलेल्या चार जणांना ऐकू जाईल अशा आवाजात अहवाल सादर होतो : "डांबराचो नुसतो वास हा, डांबर खंय हा?"

गंमत अशी, की पुष्कळदा तो बरोबर असतो. गरम डांबरमिश्रित खडी दीडशे अंशांच्या आसपास असताना पसरावी लागते आणि ती शंभराच्या खाली उतरण्याआधी रोलर पुरेसा फिरावा लागतो. प्लँट लांब, मध्ये वाहतूक तुंबलेली, वर वळवाची सर, अशा वेळी डंपरमधला माल रस्त्यावर पडतो तो निवूनच. दिसायला काळाकुळकुळीत, आतून पोकळ. पारख्याकडे तापमापक नसतो. डंपरमधून वाफ येत नाही एवढंच तो बघतो, आणि तेवढं पुरतं.

पाण्याबद्दलही त्याचं निदान पाठ्यपुस्तकाला धरून आहे. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता हवा, मीटरमागे दोन-अडीच सेंटीमीटर, म्हणजे पाणी गटारात जातं. कोकणात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. साचलेलं पाणी डांबर आणि खडी यांची पकड सोडवतं, वरून अवजड चाक गेलं की ते दाबाने आत घुसतं आणि खड्ड्याची सुरुवात होते. "रस्तो पावसान नाय जायत, साठलेल्या पाण्यान जाता," हे तो चहाच्या टपरीवर बसून इतकं नेमकं समजावतो, की ऐकणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याने मान खाली घालावी. ती टपरी रस्त्याकडेच्या गटारावर फरशी टाकून उभारलेली असते आणि बहुधा त्याच्या मेव्हण्याची असते. हा तपशील अहवालात येत नाही.

रस्त्याचं आयुष्य तो वर्षांत मोजत नाही, सणांत मोजतो. फार बरा रस्ता असेल तर नारळी पौर्णिमा. सामान्य असेल तर वटपौर्णिमा. "ह्यो काय गणपतीपर्यंत टिकाचो नाय," हा सर्वाधिक दिला जाणारा निकाल. रस्ता टिकलाच तर त्याचं शास्त्र खोटं ठरत नाही. त्या वर्षी पाऊसच कमी झालेला असतो.

जुलैत पारखी इतिहासकार होतो. कुठला खड्डा कुठल्या साली पडला, कोणत्या बुजवणीला खडी वापरली, कोणत्या ठिकाणी पेव्हर ब्लॉक बसवले आणि त्यांतले किती निघून शेजारच्या अंगणात गेले, हे सगळं त्याला मुखोद्गत असतं. स्मरणशक्तीचा तोटाही आहे. बुजवलेल्या खड्ड्याला तो नंतरही महिनाभर वळसा घालतो. मागचा मुंबईकर पुढचा वळला म्हणून वळतो, त्याच्या मागची एसटी दोघे वळले म्हणून वळते आणि सपाट रस्त्यावर काही काळ एक अदृश्य खड्डा चालू राहतो.

मग गणपती येतात. रुंदीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक गणेशोत्सवाने एक पाहणीदौरा आणि एक नवी मुदत पाहिली आहे. पारख्याकडे या मुदतींचा संग्रह आहे. पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा (हे रायगडातलं इंदापूर, उजनीकडचं नव्हे) त्याच्या संग्रहातला सर्वांत संपन्न विभाग. चाकरमान्याने फोन करून "रस्ता कसा आहे?" विचारलं की पारखी स्टेशनमास्तरासारखा एकेक नाव घेत सुटतो : वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव, लोणेरे. प्रत्येक नावापुढे एक शेरा. शेवटी उंब्रजवरून पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण असा वळसा घेण्याचा सल्ला देतो. स्वतः मात्र तो त्या वाटेने जात नाही. तिथल्या खड्ड्यांची त्याला माहिती नसते.

त्याच्या बोलण्यात एकाच ठिकाणी थट्टा थांबते. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि दोन एसटी बस माणसांसह वाहून गेल्या. तिथला नवा पूल पुढच्या वर्षी जूनमध्ये, पावसाआधी, वाहतुकीला खुला झाला. त्या पुलावर पारखी कड उकरत नाही. "करायचा म्हटला तर होता," एवढंच म्हणतो आणि पुढच्या किलोमीटरला पुन्हा पूर्ववत होतो.

काँक्रीट रस्ता ही त्याची जुनी मागणी. ती बऱ्याच टप्प्यांत पुरी झाली आणि त्याची पंचाईत झाली. आता तक्रारी नव्याने शोधाव्या लागतात. टायर तापतात. सांध्यांवर एकसारखी धडधड होते आणि तिच्या तालावर झोप येते. डांबर निदान खरवडून पुन्हा टाकता येतं, काँक्रीटला तडा गेला तर अख्खा चौकोन फोडावा लागतो. हे शेवटचं विधान तांत्रिकदृष्ट्या बरंच खरं आहे, पण ते दुरुस्तीच्या काळजीने केलेलं नसतं. खड्ड्यांमुळे उशीर झाला, हे पिढ्यान् पिढ्या चाललेलं कारण त्याच्या हातून गेलेलं असतं. कशेडीच्या सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्याने तर घाटातली वळणंच काढून घेतली. ज्या घाटात त्याने तीस वर्षं क्लिनरांना गिअर शिकवले, तो आता काही मिनिटांत मागे पडतो. मग बोगद्यात शिरताच तो काच खाली करतो आणि भिंतीवर ओल शोधतो.

हायवे असा हळूहळू सुधारत चालल्याने पारख्याने लक्ष गावाकडे वळवलं आहे. हायवे सोडून वाडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी फलक असतो : कामाचं नाव, लांबी, अंदाजित खर्च, ठेकेदार, पूर्ण झाल्याची तारीख आणि दोषदायित्व कालावधी. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत हा कालावधी पाच वर्षांचा असतो आणि तेवढ्यात रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने व्हायची असते. हा फलक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचणारा पंचक्रोशीतला तो एकमेव नागरिक. मोबाइलवर तो त्याचा फोटो काढून ठेवतो, कारण दुसऱ्या पावसाळ्यानंतर फलक जागेवर राहत नाही आणि ग्रामसभेत तारीख विचारली जाते.