तिला विचारलंत का?

निवृत्तीनंतर कुठं राहायचं, याचं उत्तर बहुतेक मराठी घरांत पुरुष एकटाच ठरवून मोकळा होतो. गाव, नाहीतर तळेगाव, नाहीतर नाशिककडचा एखादा प्लॉट. बायको "तुम्ही म्हणाल तसं" म्हणते आणि तिची संमती मिळाली असं सगळे धरून चालतात. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या घरात शेवटची वर्षं ती काढणार आहे, तेव्हा घर तिला निवडू द्या.

हिशेब सोपा आहे. आज साठीत असलेल्या जोडप्यांत नवरा चार-पाच वर्षांनी मोठा असतो आणि बायकांचं सरासरी आयुर्मान पुरुषांपेक्षा जास्त आहे. 2011 च्या जनगणनेत देशात विधुरांच्या तिपटीहून अधिक विधवा होत्या. (विधुर पुन्हा लग्न करतात आणि विधवा करत नाहीत, हेही त्यामागचं एक कारण.) म्हणजे आज दोघांसाठी म्हणून घेतलेलं घर पुढची कित्येक वर्षं तिचं एकटीचं असणार. जागा बघायला जाताना बासष्टाव्या वर्षाचे गुडघे असतात, राहायचं असतं ते ब्याऐंशीव्या वर्षाच्या गुडघ्यांनी, आणि ते गुडघे बहुधा तिचे असतात.

आधी गावाचं बोलू. "गावी जाऊन निवांत राहू," हे वाक्य मी कितीतरी पुरुषांच्या तोंडून ऐकलं आहे, बाईच्या तोंडून फार क्वचित. गाव त्याचं असतं. त्याची शाळा, त्याचा व्हाळ, पारावरचे त्याचे वर्गमित्र. तिचं ते सासर. पस्तीस वर्षं ती तिथं गणपतीला आणि मे महिन्यात गेली आणि गेली तेव्हा स्वयंपाकघरात उभी राहिली. वीस माणसांचा भात, मोदकांची उकड, रात्री अकराला भांड्यांचा ढीग. पासष्टीतही त्या घरात ती धाकटी सूनच असते. दुपारी दार लोटून पुस्तक घेऊन पडली, तर शेजारची काकी विचारायला येते, "बरं नाही का गो?" काकीच्या विचारण्यात माया असते, हे मी नाकारत नाही. पण रोज दुपारी येणाऱ्या मायेला दार लावता येत नाही. पडवीत खुर्ची टाकून बसलेल्या नवऱ्याला ही अडचण कळतही नाही, कारण तो आडवा झाला की सगळं घर आपोआप हळू बोलू लागतं.

आणि ती माणसं तरी किती उरली आहेत? 2001 ते 2011 या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची घटली. वाडीतली निम्मी घरं कुलपात आणि उरलेल्यांत सत्तरी-ऐंशीची माणसं, हे चित्र कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. ज्यांच्या भरवशावर जायचं त्यांनाच कुणाच्या तरी भरवशाची गरज आहे.

दुखण्याचं म्हणाल तर पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते देण्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन करावा लागतो. सिंधुदुर्गात दुखणं हाताबाहेर गेलं की आजही लोक गोव्याला बांबोळीला नाहीतर घाट चढून कोल्हापूरला धावतात. पावसाळ्यात घाटात दरड आली की साडेचार तासांचं काय होतं, हे तिथल्या लोकांना विचारा. 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत झाली, 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, दोन्ही निर्णय चांगले. पण वाडीच्या फाट्यावर एसटी दिवसातून किती वेळा थांबते, हे तिकिटाच्या आधी बघावं लागतं.

त्यात घर सामायिक असलं तर बोलायलाच नको. तो आहे तोवर चुलतभाऊ हसून बोलतात. तो गेल्यावर पश्चिमेकडची कौलं शाकारायला तिने कुणाची परवानगी घ्यायची? भाऊबंदकी ज्याने लहानपणापासून पाहिली, त्याला हा प्रश्न सुचायला हवा.

तिच्या माहेरगावाचं नाव या चर्चेत कधीच निघत नाही. का निघू नये? तिच्या बहिणी तिथं आहेत, शाळेतल्या मैत्रिणी आहेत, बाजारात तिला तिच्या नावाने हाक मारणारी माणसं आहेत. जावयाने सासुरवाडीच्या गावी राहणं कमीपणाचं वाटत असेल, तर तीच गोष्ट ती चाळीस वर्षं करत आली आहे.

दुसरा पर्याय डोंगराकडच्या बंगल्याचा. मुळशी, कर्जत, इगतपुरी. शांतता, झाडं, समोर धरण. मी एकच प्रश्न विचारते, गाडी कोण चालवणार? या पिढीतल्या बहुसंख्य बायका गाडी चालवत नाहीत. दूध पाच किलोमीटरवर, औषधाचं दुकान बारावर, आणि चालवणारा माणूस आज ना उद्या थकणार किंवा जाणार. तिथलं खासगीपण तिला त्या दिवसापासून कोंडून घालतं.

तिसरा पर्याय ज्येष्ठांसाठी बांधलेल्या वसाहतींचा. पुण्यात 'अथश्री'सारख्या प्रकल्पांमुळे ही कल्पना आता रुळली आहे आणि मला ती मनापासून पटते. वृद्धाश्रम म्हणून नाक मुरडण्याचे दिवस गेले. स्वतःच्या कडीकुलपाचं घर, जेवायला सामायिक भोजनगृह, बटण दाबल्यावर येणारी परिचारिका, संध्याकाळी बोलायला समवयस्क माणसं. खासगीपण आणि सोबत यांचा मेळ इतका जवळून दुसरीकडे बसत नाही. तरी निवड इथंही पुरुषाच्याच हातात राहते, ते कसं, हे मी एका ओळखीच्या जोडप्याबरोबर सॅम्पल फ्लॅट बघायला गेले तेव्हा दिसलं.

सेल्समनने साहेबांना बाल्कनीत नेलं, क्लब हाउस दाखवलं, पोहण्याचा तलाव दाखवला. बाई स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावरच्या कपाटाचं दार त्यांनी उघडलं आणि वरच्या फळीकडे हात नेला. टाचा उचलल्या, तरी बोटं फळीच्या कडेलाच टेकली. मग त्या न्हाणीघरात गेल्या, कमोडशेजारची दांडी दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिली आणि दाराबाहेर येऊन उंबऱ्याच्या उंचवट्यावर पाऊल ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. सगळं मिळून पाच मिनिटं. घराची खरी तपासणी तेवढीच झाली. परत येताना गाडीत चर्चा मात्र तलावाची.

त्या बाईंनी हाताने जे तपासलं, ते आता नियमांतही आलं आहे. महारेराने 2024 मध्ये ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. दरवाजे किमान 900 मिलिमीटर रुंद, म्हणजे चाकाची खुर्ची अडकणार नाही. न्हाणीघरात आधाराच्या दांड्या, न घसरणाऱ्या फरशा, चाकाची खुर्ची मावेल अशी लिफ्ट. ब्रोशरमधल्या सूर्यास्तापेक्षा ही यादी घेऊन जा आणि टेप लावून दार मोजा. विकणाऱ्याला राग येत असेल तर येऊ द्या.

भोजनगृहाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण सुविधा म्हटलं की पुरुष व्यायामशाळा आणि ग्रंथालय मोजतात. तो साठाव्या वर्षी निवृत्त होतो, ती होत नाही. उलट तो घरी बसल्यापासून दुपारचा चहा वाढतो, चार वाजताचं खाणं वाढतं. रोज सकाळी "आज काय करू?" हा प्रश्न स्वतःला न विचारणं हीच तिची निवृत्ती. ज्या वसाहतीत रोजचं साधं वरण-भात-भाजी-पोळी वेळेवर आणि परवडेल अशा दरात मिळते, ती पोहण्याच्या तलावाच्या वसाहतीपेक्षा सरस. तिथली आमटी विकत घेण्याआधी तिने चाखावी, आणि तिथं राहणाऱ्या बायकांशी सेल्समन जवळ नसताना बोलावं.

मग कागद. अशा अनेक प्रकल्पांत घर विकायचं झालं तर ठरावीक वयापुढच्यालाच विकता येतं, आणि मुलांना वारसाने मिळालं तरी त्या वयाच्या आत राहता येत नाही. काही ठिकाणी मालकीच नसते, मोठी अनामत भरून हयातीपुरता हक्क मिळतो. दोन्ही वाईट नाहीत, पण दोघांपैकी एक गेल्यावर दुसऱ्याचं काय, हे करारात लिहिलेलं हवं. हक्क आपोआप चालू राहतो का? मासिक शुल्क किती कमी होतं? बहुतेक वेळा शुल्क निम्मं होत नाही. तिचं उत्पन्न मात्र उतरतं. सरकारी नोकरीत त्याचं पेन्शन शेवटच्या मूळ वेतनाच्या 50 टक्के धरलं, तर तिचं कुटुंब निवृत्तीवेतन पुढे 30 टक्क्यांवर येतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल 30 लाख ठेवले, तर 8.2 टक्क्यांनी महिन्याला सरासरी 20,500 रुपये पडतात आणि तो आकडा पाच वर्षं हलत नाही. शुल्क दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढलं तर बारा वर्षांत दुप्पट. हे गणित तिला समोर बसवून करा.

घर कुणाच्या नावावर, हा तर चहाच्या कपासोबत उरकायचा विषयच नाही. घर त्याच्या एकट्याच्या नावावर असलं आणि मृत्युपत्र नसलं, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याने बायकोला मुलांच्या बरोबरीने एकच वाटा मिळतो. दोन मुलं असतील तर तिच्या स्वतःच्या घराचा एक तृतीयांश. बाकीच्यासाठी मुलांनी हक्कसोडपत्र करून द्यायचं. देतीलही, पण सत्तरीत तिने मुलांच्या सहीची वाट का बघायची? 2021 पासून महाराष्ट्रात घर बाईच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. घर तिच्या नावावर घ्या, निदान दोघांच्या नावावर घेऊन मृत्युपत्र करा. फक्त नॉमिनेशनवर विसंबू नका, त्याने मालकी ठरत नाही.

राहता राहिला सर्वांत दुर्लक्षित पर्याय, आहे तिथंच राहण्याचा. ठाणे, डोंबिवली, चिंचवड, कोथरूड. संध्याकाळी सहाला सोसायटीच्या फाटकाशी बाकावर बायका मेथी निवडत बसतात. एकीची जागा रिकामी दिसली की दुसरी वर बघून हाक मारते, उत्तर आलं नाही तर तिसरी जिना चढते. ही व्यवस्था तिने तीस वर्षांत हळदीकुंकवांतून, भिशीतून, एकमेकींच्या बाळंतपणांतून उभी केलेली असते. कोणताही बिल्डर ती बांधून देऊ शकत नाही. ती सोडून चला असं तिला सांगताना आपण नक्की काय मोडतो आहोत, याचा विचार तरी व्हावा. अडचणी इथंही आहेत. तीन मजल्यांच्या जुन्या इमारतीत लिफ्ट नसते, पुनर्विकास निघाला तर चौऱ्याहत्तराव्या वर्षी भाड्याच्या घरात जावं लागतं. पण तिसऱ्या मजल्यावरचं घर विकून त्याच रस्त्यावर तळमजल्याचं किंवा लिफ्टचं घर घेणं, हा उपाय फारसा कुणी तपासतच नाही. बाक तोच राहतो, भाजीवाला तोच, डॉक्टर तोच.

एवढं करून दूर जायचंच ठरत असेल, तर डिसेंबरात जाऊन ठरवू नका. डिसेंबरात सगळंच छान दिसतं. जुलैत जा, पंधरा दिवस भाड्याने राहा. त्यातले चार-पाच दिवस तुम्ही शहरात परत या आणि तिला तिथं एकटीला राहू द्या. वीज रात्री किती वेळ जाते, सिलिंडर दारात येतो की फाट्यावरून आणावा लागतो, रात्री दोनला फोन केला तर कोण उचलतं, दुपारी दार लावून वाचत पडता येतं का, आणि दार उघडल्यावर बोलायला कुणी असतं का, हे सगळं तिला कळेल. ती परत आल्यावर "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाली, तर अजून टोकन देऊ नका.