मालवणात जेवावे कुठे

मालवणात जेवणाची सोय तीन प्रकारची असते : हॉटेल, खाणावळ आणि ‘घरगुती जेवण मिळेल’ अशी पाटी लावलेले घर. ‘फक्त स्थानिकांना ठाऊक असलेली जागा’ हा चौथा प्रकार पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांच्या डोक्यात असतो. प्रस्तुत लेखकाने त्याच्या शोधात भरडापासून धुरीवाड्यापर्यंत एक अख्खी दुपार उन्हात घालवली आणि शेवटी पानाच्या टपरीवर आवाज खाली आणून विचारले, “तुम्ही लोक जेवता कुठे?” उत्तर आले, “आमी? आमी घराक जेवतंव.”

न्याहरीला घावणे किंवा आंबोळी. घावण्याचे पीठ आंबवत नाहीत, आंबोळीचे आंबवतात. सोबत काळ्या वाटाण्याचे सांबारे असले तर मासळीची आठवण निदान बारापर्यंत येत नाही. सोमवारी, गुरुवारी अनेक घरांत मासळी शिजत नाही, तेव्हा हेच सांबारे अब्रू राखते.

दुपारच्या ताटाचा भाव मासळी ठरवते. सुरमई, पापलेट वर. बांगडा, तारली खाली. चवीचा क्रम बऱ्याचदा याच्या उलटा लागतो, पण चारचौघांत बांगडा मागवायला थोडे धैर्य लागते. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळे असतात. त्यांचा वास रश्शात उतरला की त्यांचे काम संपले. मासळीतले आपल्याला कळते अशी प्रस्तुत लेखकाची ख्याती आहे (ती त्यानेच पसरवली आहे). त्याने तिरफळ चावून खाल्ले, जीभ बधिर झाली आणि तशाही अवस्थेत त्याने मान डोलावून दाद दिली. वाढणाऱ्या काकी म्हणाल्या, “ता चावचा नाय, कडेक काढून ठेवचा.”

1 जून ते 31 जुलै हा काळ मासेमारी बंदीचा, कारण तो माशांच्या विणीचा. या दिवसांत यांत्रिक होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. जुलैत ‘ताजी सुरमई’ मागणाऱ्याला बर्फातली सुरमई मिळते आणि ती ताजी असल्याचे प्रमाणपत्र तो स्वतःच देतो. शहाण्याने तेव्हा सुका बांगडा आणि गोलम्याची किसमूर खावी.

आता सोलकढी. तिला दोन ओळींत उरकणे शक्य आहे, पण योग्य नाही. ओला नारळ किसून वाटायचा, पिळून दूध काढायचे. त्यात कोकमाचे आगळ, लसूण, हिरवी मिरची, मीठ. विस्तवाशी तिचा संबंध नाही, तापवली तर फुटते. ती जेवणाच्या अखेरीस, भातावर किंवा वाटीतून घ्यायची. बसल्या बसल्या सरबतासारखी मागवायची नाही. खरी सोलकढी थोडा वेळ ठेवली की तिच्यावर नारळाचा स्निग्ध थर येतो आणि खाली पाणी सुटते. जी तासभर एकजीव राहते आणि लग्नाच्या मांडवाइतकी गुलाबी दिसते, तिच्यात पावडरीचे दूध आणि बाटलीतला रंग असण्याचा संशय घ्यावा. प्रस्तुत लेखकाने हा संशय एका खाणावळीत मोठ्याने घेतला. काकी काही बोलल्या नाहीत. मागच्या पडवीत नारळाच्या करवंट्यांचा ढीग होता आणि त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना विळीचे जुने वण होते. चाळीस पाने वाढून झाल्यावर, साडेतीन वाजता, त्या उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा घेऊन उंबऱ्याशी जेवायला बसल्या. सोलकढी तोवर संपली होती. दोन वाट्या प्रस्तुत लेखकाने फुकट मागून घेतल्या होत्या.

पिण्याचे प्रकरण त्यामानाने लहान. माडी सकाळी गोड, दिवस चढेल तशी आंबट आणि चढणारी. काजूच्या हंगामात गोव्यात हुर्राक मिळते. ती एकदाच गाळलेली, म्हणून फेणीपेक्षा सौम्य. गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गोव्यातली बाटली परवान्याविना सीमेच्या अलीकडे आणू नये. तपासनाक्यावर चवीची चर्चा होत नाही.

घरगुती जेवणासाठी सकाळीच फोन करून माणसे किती ते सांगावे. नारळ त्या हिशेबाने फोडतात.