आमरीवाले काका

निसर्गप्रेमींच्या प्रत्येक गटात एक आमरीवाले, म्हणजे ऑर्किडवेडे, काका असतातच. बँकेतून निवृत्त, गळ्यात चष्म्याच्या दोरीशेजारी दहापट दाखवणारं भिंग, खिशात काथ्याची गुंडी. आंबोलीला सगळे धबधब्याखाली भिजत असतात, तेव्हा हे तिकडे पाठ करून जांभळाच्या खोडाला नाक लावून उभे. पिंढरीवर जळू चढलेली असते. तिला त्यांची ना नाही.

"सापडली!" आपण धावत जातो. बघतो तर शेवाळ. "अहो, माझ्या नखासमोर!" तेव्हा कुठे चार चपटी पानं आणि त्यांतून लोंबणारा बोटभर तुरा दिसतो. ओबेरोनिया. फूल दोन मिलिमीटरचं, तेही काका मोजायला बसले म्हणून. भिंग लावलं की मात्र पाकळ्या, ओठ, सगळा थाट जागच्या जागी. "वनस्पतिशास्त्रज्ञ लिंडलीनं हिला परीराज्याच्या राजाचं नाव दिलंय," हे काका अशा थाटात सांगतात, जणू बारशाला हजर होते.

"बांडगूळ का हो?" असं कोणी विचारलं, की संपलं. "बांडगूळ घरमालकाच्या ताटात जेवतं! ही नुसती ओसरीवर राहते. पावसाचं, धुक्याचं पाणी मुळांनी टिपते नि आपलं आपण रांधते." पुढे बियांवर गाडी जाते. बी धुळीसारखं, पोटात शिदोरी नाही, नेमकी बुरशी भेटली तरच रुजणार. हे सगळं पिशवीत खुरपं लपवलेल्या एका मावशींकडे रोखून चाललेलं असतं.

ठिकाण विचाराल तर उत्तर एकच: "सह्याद्रीत." काकूंनाही तेवढंच ठाऊक. वादळात फांदी पडली, की तिच्यावरची आमर काढून शेजारच्या उभ्या झाडाला काथ्यानं बांधून येतात. प्लॅस्टिकची दोरी पुढे केलीत तर तुमच्याशी दिवसभर बोलणार नाहीत. सांतापाव-कापडियांच्या आमरींवरच्या १९६६ सालच्या पुस्तकाची झेरॉक्स छत्रीपेक्षा जास्त जपतात. लग्नात नवरा-नवरीला आशीर्वाद देताना नजर मागच्या सजावटीतल्या जांभळ्या डेंड्रोबियम आमरीवर. "संकरित," असं पुटपुटतात आणि अहेराचं पाकीट नवरीच्या भावाच्या हातात ठेवून खाली उतरतात.

परवा घाटात आमच्या ड्रायव्हरनं आपणहून करकचून ब्रेक मारला. "काका, वर बघा, तुमची आमर!" पोरगं स्वतःवरच खूश. काका उतरले, मान वर केली. आंब्याच्या फांदीवर अस्सल, खानदानी बांडगूळ! गाडीत खसखस पिकली. पोराचा चेहरा पडला. काकांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि भिंग पुसत म्हणाले, "असू दे रे, ह्याचंही फूल बघण्यासारखं असतं. ये, दाखवतो."

काकूंनी मागच्या सीटवर थर्मासचं झाकण उघडलं. "घ्या चहा. आता तासाची निश्चिंती."