जरसाहेब, पाहुणचारात काही कमी पडलं का?

प्रति,
श्रीयुत जरसाहेब
(कागदोपत्री नाव : हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू, प्रकार १)
कायमचा पत्ता : कवटीच्या आत, चेहऱ्याच्या चेतातंतूंची गाठ
हंगामी मुक्काम : ओठाची कड, अमरावती व अकोला

विषय : आपल्या सेवेत वऱ्हाडाने बजावलेल्या कामगिरीचा अहवाल

महोदय,

सालाबादप्रमाणे यंदाही आपण ऐन लग्नसराईत हजर झालात. अमरावतीच्या राजकमल चौकात पत्रिका वाटणारा वरबाप असो की अकोल्याच्या टिळक रोडवर शालू पाहणारी नवरी, ओठाच्या कडेला पाणीदार फोडांचा घोस दिसला की ‘जर’ म्हणून ओळख पटते. आपला परिवार मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पन्नाशीच्या आतली सुमारे ३८० कोटी माणसं, म्हणजे शंभरातली ६४, आपल्याला अंगात वागवतात. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. लहानपणी कुणीतरी लाडानं मुका घेतो, आपण आत शिरता, चेतातंतूच्या वाटेनं गाठीत जाऊन झोपता आणि मग जन्मभर तिथून हलत नाही. एवढा चिवट पाहुणा आमच्या वऱ्हाडातही विरळा.

आपली झोप मोडण्याची व्यवस्था आम्ही चोख ठेवली आहे. ताप, जागरण, दगदग, परीक्षेचं टेन्शन, बायकांची पाळी हे सगळीकडेच असतं. आमची खासियत ऊन. उन्हातली अतिनील किरणं ओठाला लागली की आपण जागे होता. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस ऊन एवढं पेटलं की अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी कलम १४४ लावलं. कामगारांना पाणी आणि पंखे द्या, भर दुपारी शिकवण्या घेऊ नका, असे आदेश निघाले. पण जमावबंदी पडली ती माणसांना. आपण घोळक्यानंच उगवलात. आम्हीही बाहेर पडताना डोक्याला रुमाल, डोळ्यांना गॉगल लावतो आणि ओठ तेवढे आपल्यासाठी उघडे ठेवतो. स्कुटीवरच्या पोरी डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फनं गुंडाळतात, तेव्हा आपली गैरसोय होते. त्यांना ‘चंबळच्या डाकू’ म्हणून हसणारे चौकातले रिकामे लोक आपलेच हितचिंतक समजावेत.

खरं तर आपल्या मोहिमेत एकच कच्चा दुवा आहे. फोड उठण्याच्या आदल्या दिवशी ओठाला मुंग्या येतात, चुरचुरतं, जागा ताणल्यासारखी होते. औषधाचा खरा उपयोग व्हायचा तर तो त्याच वेळी. म्हणून तो दिवस वाया घालवण्याचं काम आम्ही घरातल्या सगळ्यांवर वाटून दिलं आहे. आजी म्हणते, “उष्णता झाली बाप्पा, सब्जा पे.” काका म्हणतात, “रातच्याले पाल चाटून गेली असन.” शेजारीण म्हणते नागीण. नागिणीचा विषाणू आपल्याच खानदानातला असला तरी तो कांजिण्यांचा, आणि त्याची तऱ्हा वेगळी; पण एवढा तपशील कोण पाहतो? कुणी ‘तोंड आलं’ म्हणून बी-कॉम्प्लेक्स गिळायला लावतो. तोंडाच्या आत येणारे ते छाले वेगळे, ते एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. आपण ओठावर बाहेरच्या बाजूला उगवता आणि लागण करता. हा फरक लोकांना कळू नये याची दक्षता चालू आहे.

मग उपचार. पानाच्या डबीतला चुना, टूथपेस्ट, ठेचलेला लसूण, जे कातडी भाजेल ते आम्ही लावतो. भाजल्यावर जखम वाढते, ओठ सुजतो आणि आपल्या मुक्कामाला भारदस्तपणा येतो. त्यावर वरूड-मोर्शीच्या संत्र्याची फोड किंवा मिरचीचा ठेचा पडला की डोळ्यांतून पाणी निघतं. सर्वांत मोठी सेवा मात्र ‘खाजेची ट्यूब’ करते. तिच्यातलं स्टेरॉइड कातडीचा पहारा ढिला करतं आणि आपल्याला मोकळं रान देतं. केंद्र सरकारनं २०१८ साली अशा १४ स्टेरॉइडांची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. नियम आहे, पण “ते पांढऱ्या झाकणाची द्या भाऊ” म्हणणारे ग्राहकही आहेत. अँटिबायोटिकच्या गोळ्याही आम्ही श्रद्धेनं खातो. त्या जिवाणूंवर चालतात, विषाणूवर नाही, त्यामुळे आपल्या केसालाही धक्का लागत नाही.

आपल्या शत्रूंबद्दलही कळवणं आमचं कर्तव्य आहे. गर्ट्रूड एलियन नावाच्या अमेरिकन बाईंना १९८८ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या चमूनं ॲसायक्लोविर हे औषध आणलं. त्याची करामत अशी की आपण ज्या पेशीत शिरून बसता तिथेच ते कामाला लागतं, बाकीच्या पेशींना फारसा त्रास देत नाही. ५ टक्क्यांचं मलम मुंग्या येताच दिवसातून पाच वेळा, पाच दिवस लावलं तर आपला मुक्काम फार तर दिवसभरानं लवकर आटोपतो. डॉक्टरांनी वेळेवर लिहून दिलेल्या गोळ्यांचा उपयोग त्याहून बरा. वर्षाला सहा-सहा फेऱ्या मारलात तर रोजची गोळी चालू करून ते आपला रस्ताच अडवतात. घाबरू नका. गाठीतून आपल्याला कायमचं उठवणारं औषध किंवा लस अजून आलेली नाही. आणि मलम आणलं तरी आम्ही ते चौथ्या दिवशी, खपली धरल्यावर लावतो.

मुर्तिजापूरजवळ २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गाचं ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नोंदलं गेलं. त्याच वऱ्हाडात ओठाची खपली पडायला सात ते दहा दिवस लागतात. नखानं टोकरली तर आणखी जास्त. हा विक्रम सर्वस्वी आपल्या आणि आमच्या सहकार्याचा आहे.

प्रसाराची जबाबदारी तर आम्ही उत्सव म्हणूनच घेतली आहे. फोड वाहता असताना एकच बाटली तोंडाला लावून पाणी पिणं, एका बिडीचे चौघांत झुरके, पार्लरमध्ये एकाच लिपस्टिकनं साऱ्या करवल्यांचे ओठ रंगवणं, घरभर एक टॉवेल. आणि बारसं. पाळण्यातल्या कोवळ्या जिवाचा मुका घ्यायला पाहुण्यांची रांग लागते. आईनं ‘नको’ म्हटलं की आत्याबाई रुसतात : “आमच्यानं का होते वो पोराले?” आत्याबाईंना कोण सांगणार की मोठ्यांना आठवडाभर चुरचुरणारा हा फोड काही दिवसांच्या बाळाच्या मेंदूपर्यंत पोचू शकतो आणि जीवही घेऊ शकतो? इथे मात्र, जरसाहेब, आमची थट्टा संपते.

म्हणून हे पत्र नोटीस समजावी. यापुढे मुंग्या येताच मलम लागेल, तेही हात धुऊन, आणि लावल्यावर पुन्हा हात धुऊन. त्या हातानं डोळे चोळले जाणार नाहीत. दुखलं तर बर्फ कापडात गुंडाळून टेकवू आणि पॅरासिटामॉल घेऊ. ओठ कोरडा पडला तर व्हॅसलीन लावू. उन्हात निघताना दुपट्टा ओठांवरून घेऊ आणि सन प्रोटेक्शनचा लिप बाम खिशात ठेवू. फोड असेपर्यंत ग्लास वेगळा, टॉवेल वेगळा, आणि बाळाला नमस्कार लांबून. आपल्याला हाकलता येत नाही हे मान्य. पण पंगतीला बसवणं आमच्या हातात आहे, आणि ते आम्ही बंद करतो आहोत.

कळावे, लोभ नसावा.

आपले,
वऱ्हाडातील समस्त ओठधारक

ता. क. (हा जरसाहेबांसाठी नाही, वाचकांसाठी) : फोड डोळ्याजवळ आला, डोळा लाल झाला, दोन आठवड्यांत जखम भरली नाही, रुग्ण तान्हं बाळ असेल, अंगावर इसब असेल किंवा कॅन्सरचे उपचार चालू असतील, तर घरच्या घरी प्रयोग करू नका. अमरावतीत इर्विन रुग्णालय, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय, किंवा जवळचा त्वचारोगतज्ज्ञ गाठा. आणि शक्यतो त्याच दिवशी.