खडूची कॅराव्हॅन

कोथरूडच्या जुन्या सोसायट्यांमध्ये पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका हटकून सापडतात. त्यांना सहलीला जायचं नसतं, सहल आखायची असते. पूर्वी ही जमात रेल्वेच्या टाइमटेबलवर जगायची. 2021 मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि त्यांना नवं खाद्य मिळालं. आमच्या काकांनी ते धोरण छापून घेतलं, स्पायरल बाइंडिंग केलं आणि समासात पेन्सिलीने हरकती नोंदवल्या.

बेत असा: ऐन जुलैत चालतं घर घेऊन ताम्हिणीतून माणगावला उतरायचं आणि मुरूडजवळ फणसाड अभयारण्याच्या कडेला दोन रात्री मुक्काम ठोकायचा. कुणी चुकून ‘नॅशनल पार्क’ म्हणालं की काका 1972 चा वन्यजीव कायदा काढतात. अभयारण्य कलम 18 खाली येतं, राष्ट्रीय उद्यान कलम 35 खाली. फणसाड पूर्वी जंजिऱ्याच्या नबाबाचं शिकारीचं रान होतं, 1986 मध्ये त्याचं अभयारण्य झालं, हे ते जिन्यात भेटले तरी सांगतात. गॅसवर दूध ठेवून आला असाल तर त्यांच्यासमोर ‘शेकरू’ हा शब्द काढू नये.

“पण भर पावसात कशाला?” असं विचारलं की काका दुखावतात. “पुण्यात वर्षभरात सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो, त्याला पाऊस म्हणता? मुरूडला त्याच्या चौपट. ताम्हिणीचं तर विचारूच नका.” मग याच आकड्यांचा धसका घेऊन गाडी कुठे उभी करायची याचा खल सुरू होतो. वाडीत नको, डोक्यावर नारळ पडेल. खाचराच्या बांधाला नको, चाक रुतेल. कातळावर चालेल, पण तिथे वारा. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद, म्हणून किल्ल्याचा अर्धा दिवस उरला; तो त्यांनी ‘राखीव’ म्हणून दाखवला आहे. सरकारी सवय, दुसरं काय.

काकूंनी आजवर एकच प्रश्न विचारलाय. “अहो, त्या गाडीतला संडास रिकामा कोण करणार?” काकांनी तो मुद्दा पुढच्या बैठकीत घ्यायचं ठरवलं. तो अजून पुढच्याच बैठकीत आहे.

मागच्या मे महिन्यात मात्र कामाने वेग घेतला. एका रविवारी सकाळी काकांनी पार्किंगमध्ये टेप धरून सात मीटर बाय दोन मीटरची गाडी खडूने फरशीवर काढली. ओटा, बेसिन, दोन पलंग, कोपऱ्यात तो वादग्रस्त चौकोन. पाणसळ ठेवून उतार तपासला. उतार निघाला, तेव्हा पलंगांची दिशा फिरवली. मग काकूंना सतरंजीवर आडवं करून कूस बदलायला लावली. “अगं, कोपर ओट्याला लागतंय का बघ.” काकू डोळे मिटून म्हणाल्या, “ओटा पुसून घ्या आधी, त्यावर मांजर बसलंय.” तेवढ्यात वॉचमन पाण्याची मोटर लावायला थेट स्वयंपाकघरातून चालत गेला. काका ओरडले, “दारातून ये!” तो बिचारा दोन पावलं मागे गेला आणि खडूच्या दारातून आत आला. मला विचाराल तर या सबंध प्रकल्पातला सर्वांत यशस्वी क्षण तोच.

जूनच्या पहिल्या सरीचं पाणी पार्किंगमध्ये शिरलं आणि गाडी वाहून गेली. काकांनी ‘जलरोधक रंग’ अशी नोंद केली.

आणि जुलैत काकूंच्या भजनी मंडळाने अचानक मुरूडला जायचं ठरवलं. गुरुवारी ठरलं, शनिवारी पहाटे ट्रॅव्हलर दाराशी. थेपले, लसणाची चटणी, एक जास्तीची साडी, संपली तयारी. वाटेत ताम्हिणीत धबधबे बघितले, मुरूडला खानावळीत जेवल्या, फणसाडच्या कडेने गाडी हळू काढून एक शेकरूही बघितली आणि रविवारी रात्री भिजलेल्या छत्र्या गॅलरीत वाळत घालून मोकळ्या झाल्या.

काका फाइल उघडून बसलेलेच होते. “ताम्हिणीच्या वळणावर गाडीचा मागचा भाग किती बाहेर जात होता?”

“मला काय माहीत? मी झोपले होते.”

काकांनी पेन्सिलीला टोक केलं. पलंगाच्या रकान्यात लिहिलं: ‘चालत्या गाडीत झोप लागते. चाचणी समाधानकारक.’