गॉथिकराव

चिखलदऱ्यात घर काळं करायला रंग लागत नाही. जूनमध्ये धुकं आत शिरतं, जुलैत भिंती ओल धरतात, ऑगस्टमध्ये त्या ओलीवर बुरशीची नक्षी उठते आणि पोळ्यापर्यंत घराचं वय आपोआप शंभर वर्षांनी वाढतं. इथली शहाणी माणसं दिवाळीला चुना मारून ते वय पुसून टाकतात. गॉथिकराव मात्र परतवाड्याहून काळ्या रंगाचे डबे आणतात.

हे नाव अर्थातच गावानं ठेवलेलं. पाळण्यातलं नाव आता फक्त वीजबिलावर उरलंय. परतवाड्यात नोकरी संपवून ते वडिलोपार्जित टिनाच्या घरात परतले. थंड हवेच्या गावात निवृत्त माणसाला दोन रोग होतात, संधिवात आणि होमस्टे. त्यांना दुसरा झाला. या रोगाचेही पोटप्रकार आहेत. कुणाला टिनाखाली स्वित्झर्लंड दिसतं, कुणाला बाली. गॉथिकरावांना थेट तेरावं शतक दिसलं.

लागण मुंबईत झाली. अमरावतीची रात्रीची गाडी माणसाला सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर नेऊन सोडते. फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या आराखड्यावरून १८७८ पासून दहा वर्षं बांधलेलं हे गॉथिक थाटाचं स्टेशन. बाकीचे उतारू टॅक्सी शोधतात. हे मान वर करून टोकदार कमानी आणि छपराच्या कडेनं तोंड वासून बसलेले दगडी प्राणी पाहत राहिले. घ्यायला आलेला भाचा कंटाळून चहा पिऊन आला, तरी हे तिथंच. जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी तिथलं कोरीवकाम केलं, हे कळल्यावर त्यांना फार धीर आला. पोरांना जमतं, तर आपल्याला का नाही?

बजेट वहिनींनी ठरवलं. वीस हजार. त्यात मेणबत्त्याही आल्या.

मखमलीचा भाव ऐकून गॉथिकराव अमरावतीच्या दुकानातून नुसतेच पाणी पिऊन निघाले. पण गरज माणसाला खरोखर हुशार करते. चिखलदऱ्यात दर पावसाळ्यात वाऱ्यानं उलट्या होऊन मेलेल्या छत्र्यांना तोटा नाही. छत्रीचं कापड काळं, पाण्याला न भिणारं, आणि उसवलं की प्रत्येक पाकळी वर निमुळती होत टोकाला जाते. म्हणजे कमान तयारच! त्यांच्या पडद्यांवर अजून एखाद्या कोपऱ्यात छत्रीवाल्याचं नाव आणि ‘एक वर्ष गॅरंटी’ वाचता येतं. झुंबर सायकलच्या दोन रिंगांचं. रंगीत काचांऐवजी खिडक्यांना पतंगी कागद. पहिल्याच धुक्यात त्याचा लाल रंग ओघळून खिडकीखाली उतरला. तो पुसायला वहिनींनी फडकं उचललं, तर गॉथिकराव आडवे आले. असा परिणाम पैसे देऊनही मिळत नाही म्हणे.

खिडक्यांना कमानी काढायला अचलपूरचा मिस्त्री आला. त्यानं मोबाइलवरचं फ्रान्समधलं कॅथेड्रल बोटानं मोठं करून पाहिलं.

“टोकाची कमान म्हंता न भाऊ? मंग इतल्या दूर कायले गेले? आमच्या अचलपुरात जिकडे पाहा तिकडे हेच हाय.”

मिस्त्रीचं चूक नव्हतं. टोकदार कमान काही एकट्या युरोपची मिरास नाही. बहमनींच्या अहमदशहानं १४२५ च्या सुमारास गाविलगड बांधवला, तो गॉथिकरावांच्या अंगणापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या दिल्ली दरवाज्यावर हत्तींना हैराण करणारे सिंह आहेत, दोन डोक्यांचा पक्षी आहे. १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीनं तोफा लावून गड फोडला, तेव्हाची पडझड तिथं आयती आहे. खून हवा, तर भीमानं कीचकाला मारून इथल्याच दरीत लोटल्याचं गाव सांगतं. रक्ताचे हात धुवायला भीमकुंडही दाखवतं. एवढं सगळं फुकट असताना या गॉथिकवेड्या जमातीला जळमटं मात्र इंपोर्टेडच हवीत. माझं हे म्हणणं त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “तो किल्ला हाय हो. मले मूड पाह्यजे.”

भिंतीवर शिंगं हवी होती. मेळघाटात राहून हा हट्ट धोक्याचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं जंगलात गळून पडलेलं सांबरशिंगही उचलून घरी नेता येत नाही. म्हणून त्यांनी रायमुनियाच्या वाकड्या फांद्या सोलल्या, घासल्या, जोडून भिंतीवर ठोकल्या. काम इतकं सुबक झालं की कुणीतरी कळवलंच. वनरक्षक आला, त्यानं नखानं खरवडून पाहिलं, वास घेतला आणि निराश होऊन चहा मागितला. तेव्हापासून शिंगांखाली पाटी आहे: ‘ही झुडपाची आहेत.’ मूड थोडा उतरतो, पण जामिनाचा खर्च वीस हजारांत बसत नव्हता.

खरी कमाल छताची. टिनाखाली त्यांना दगडी फासळ्यांचा घुमट हवा होता. लोक हसले, तेव्हा त्यांनी होरेस वॉलपोल काढला. इंग्लंडच्या पंतप्रधानाचा हा मुलगा. त्यानं अठराव्या शतकात लंडनजवळ ट्विकनहॅमला स्ट्रॉबेरी हिल नावाचं घर गॉथिक केलं, थडग्यांच्या नकला करून शेकोट्या सजवल्या आणि दिवाणखान्याचं ते दगडी वाटणारं छत चक्क कागदाच्या लगद्याचं केलं. त्याच घरात त्याला पडलेल्या स्वप्नातून १७६४ ची ‘कॅसल ऑफ ओट्रान्टो’ निघाली आणि भुताच्या कादंबऱ्यांचा कारखाना सुरू झाला. “पंतप्रधानाच्या पोरानं लगदा लावला, अन् मी लावला त हसता?” हा मुद्दा बिनतोड होता. शिवाय मोथ्याकडे स्ट्रॉबेरीही पिकते, हे ते दर वेळी जोडतात.

लगद्याचं काम त्यांच्या आईच्या हातात उपजत. जुन्या बायका कागद भिजवून, कुटून, कीड लागू नये म्हणून मेथीची पूड घालून टोपल्या करायच्या. म्हातारीनं वर्षभराची रद्दी भिजवली आणि नव्वद टोपल्यांचा ऐवज छताला गेला. “काया घरात सुतकात बसल्यावानी वाटते बाप्पा,” असं म्हणत म्हणत तिनं प्रत्येक फासळी मायेनं थापली. मेथीत मात्र हात आखडता घेतला नाही.

मग पाऊस लागला. छत फुगलं, दोन फासळ्या लोंबल्या, आणि सगळ्या घरात मेथीच्या लाडवांचा घमघमाट सुटला.

त्याच आठवड्यात अकोल्याचं जोडपं आलं. संध्याकाळ, धुकं, लाइन गेलेली. गॉथिकराव मेणबत्ती घेऊन पुढे झाले. बाईंनी भिंती पाहिल्या, खिडकीखालचा लाल ओघळ पाहिला, आवाज खाली आणून विचारलं, “इथं काही झालं होतं का हो?”

इतक्या वर्षांचं सार्थक झालं. गॉथिकरावांनी घसा साफ केला, कीचकापासून सुरुवात केली.

“तसं नाही,” नवरा मध्येच म्हणाला. “आग लागली होती का, म्हंते ते. रंगाचं काम बाकी असन त आठशेत द्या खोली.”

गॉथिकराव मेणबत्तीसकट गप्प. तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला, “आठशेत द्या न! अन् त्यायले इचारा, लाडू गरम पाह्यजे का थंडे. चाराचे शंभर.”